लोखंडी गाडीत रेडिओ कसा बसवतात?

दर वर्षी १७ सप्टेंबरला तुमच्या शाळेत मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन होते. १९४८ साली याच दिवशी हैदराबाद संस्थानाने शरणागती मान्य केली. हिमायतनगर, म्हणजे जुने वाढोणा, हे गावही तेव्हा निजामाच्या राज्यात होते. त्याआधी चार दिवस, १३ सप्टेंबरला, मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्याचे मुख्य दल सोलापूरहून निघून नळदुर्गच्या वाटेने हैदराबादकडे सरकू लागले होते. त्यात रणगाडे होते, चिलखती गाड्या होत्या, तोफा होत्या आणि सामानाचे ट्रकही होते. सोलापूर ते हैदराबाद हे अंतर सुमारे ३०० किलोमीटर आहे.

आता थोडा विचार करा. अशा दलातील गाड्यांची रांग रस्त्यावर कित्येक किलोमीटर पसरते. पुढच्या गाडीला पूल मोडलेला दिसला, तर मागच्यांना ते कसे कळणार? रणगाड्याची झाकणे बंद असतात. आत इंजिनाची इतकी घरघर असते की शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत रणगाडे पहिल्यांदा उतरले, तेव्हा निरोपासाठी त्यांच्याजवळ निशाणे होती आणि पिंजऱ्यातली कबुतरे होती! पुढच्या तीस वर्षांत कबुतरांची जागा बिनतारी यंत्राने, म्हणजे बोलता आणि ऐकता येणाऱ्या रेडिओने घेतली.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश रणगाड्यांत ‘१९ नंबरचा संच’ नावाचे यंत्र सर्रास बसवलेले असे, आणि ब्रिटिश अमदानीतील भारतीय सैन्यही तोच संच वापरी. तुम्हांला वाटेल, घरातला रेडिओ टेबलावर ठेवतात, तसा हा गाडीत ठेवला की झाले! पण तसे केले तर तो मुका आणि बहिरा होईल. का होईल, आणि तो बोलता करायला काय काय करावे लागते, ते आपण क्रमाने पाहू.

डब्यातला रेडिओ

मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८३६ साली बारा फूट लांब, रुंद आणि उंच अशी एक पेटी बनवली, तिला बाहेरून धातूने मढवले आणि तो स्वतः आत जाऊन बसला. पेटीला बाहेरून जोरदार विद्युत्‌भार दिला, ठिणग्या उडाल्या, पण आतल्या नाजूक उपकरणांना त्याचा पत्ताही लागला नाही. धातूतील मोकळे इलेक्ट्रॉन बाहेरच्या विद्युत्‌क्षेत्राप्रमाणे सरकतात आणि आत ते क्षेत्र शिल्लक राहू देत नाहीत. रेडिओच्या लहरी म्हणजे बदलती विद्युत् आणि चुंबकीय क्षेत्रेच. त्यांचेही धातूच्या बंद पेटीपुढे असेच होते.

हे तुम्हांला घरीच पाहता येईल. किराणा दुकानातून गोडेतेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणा. त्याचे वरचे तोंड पूर्ण कापून घ्या आणि कडा ठोकून बोथट करा. छोटा ट्रान्झिस्टर मध्यम लहरींच्या एखाद्या केंद्रावर लावा आणि दोरीने हळूहळू डब्यात सोडा. तो जसजसा खाली जाईल तसतसे केंद्र क्षीण होत जाईल आणि नुसती खरखर उरेल.

रणगाडा हा असाच एक डबा आहे, फक्त त्याचा पत्रा कित्येक सेंटिमीटर जाड असतो. तेव्हा पहिला नियम हा, की यंत्र आत असले तरी त्याची एरियल गाडीच्या बाहेर हवी.

आखूड काठी, लांब तरंग

पण एरियल किती लांब हवी? रेडिओच्या लहरी सेकंदाला सुमारे ३,००,००० किलोमीटर वेगाने जातात. या वेगाला कंप्रतेने, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या आंदोलनांच्या संख्येने भागले की तरंगलांबी मिळते. तुमच्या आजीआजोबांना विचारा, परभणी आकाशवाणी १३०५ किलोहर्ट्झवर ऐकू येत असे. ३,००,००० ला १३०५ ने भागा. उत्तर येते सुमारे २३० मीटर. एवढी लांब ती लहर!

उभ्या एरियलची लांबी तरंगलांबीच्या एक चतुर्थांश असली, तर ती लहरींशी सहज सूर जमवते. १९ नंबरच्या संचाचा मुख्य भाग २ ते ८ मेगॅहर्ट्झ या पट्ट्यात चाले. ७ मेगॅहर्ट्झ धरले तर तरंगलांबी सुमारे ४३ मीटर आणि तिचा चौथा हिस्सा जवळजवळ ११ मीटर होतो. ही झाली तीन मजली इमारतीची उंची. एवढा खांब उभा करून कोणता रणगाडा झाडाखालून जाईल? प्रत्यक्षात त्यावर चार-चार फुटांच्या नळ्या एकीत एक बसवून आठ किंवा बारा फुटांचीच काठी लावत. बारा फूट म्हणजे पावणेचार मीटरच्याही आत.

ही आखूड काठी कशी चालवून घ्यायची? स्टीलची एक पट्टी टेबलाच्या कडेला घट्ट दाबून धरा आणि तिचे मोकळे टोक छेडा. ती जलद थरथरेल. आता त्या टोकाला ओल्या मातीचा गोळा चिकटवा आणि पुन्हा छेडा. पट्टीची लांबी तीच आहे, पण थरथर संथ झाली. आखूड एरियलचा स्वाभाविक ठेकाही असाच फार जलद असतो. तो संथ करायला मातीच्या गोळ्याचे काम तारेचे वेटोळे करते. वेटोळ्यातून जाणारी विद्युत्‌धारा चटकन वाढत नाही आणि चटकन थांबतही नाही. जड वस्तूचा स्वभावही असाच असतो.

मात्र संदेशाची कंप्रता बदलली की वेटोळ्याचे ‘वजन’ही बदलायला हवे. म्हणून १९ नंबरच्या संचाबरोबर व्हेरिओमीटर नावाची एक पेटी दिलेली असे. तिच्यात एका वेटोळ्याच्या आत दुसरे वेटोळे फिरवता येई. दोघांची दिशा जुळली की परिणाम वाढतो, विरुद्ध झाली की घटतो. यंत्रचालक बाहेरची खुंटी हळूहळू फिरवी आणि मीटरचा काटा सर्वांत पुढे गेला की थांबे. एरियलचा सूर लागला, असा त्याचा अर्थ. हा सूर लागला, म्हणजे अवघ्या काही वॅट शक्तीवर, जुन्या झिरोच्या दिव्याला लागते त्याहूनही कमी शक्तीवर, मोकळ्या मैदानात सुमारे १५ किलोमीटरपर्यंत बोलता येई.

गाडी हीच जमीन

दिव्याला वीज द्यायची तर दोन तारा लागतात. मग एरियल ही एकच काठी कशी पुरते? खरे पाहता ती एकटी नसतेच. यंत्राचे एक टोक काठीला जोडलेले असते आणि दुसरे गाडीच्या लोखंडी अंगाला. काठीत धारा वर धावते तेव्हा गाडीच्या पत्र्यातही तेवढीच धारा पसरते. म्हणजे गाडी हा एरियलचा दुसरा अर्धा भाग आहे. या लेखातली मुख्य गोष्ट हीच. गाडीत रेडिओ बसवताना सगळी गाडीच रेडिओचा भाग बनते, आणि म्हणून तिच्या प्रत्येक सांध्याकडे लक्ष द्यावे लागते.

जुन्या लष्करी गाड्या हौसेने दुरुस्त करणारे लोक येथेच फसतात. गाडीला सुंदर नवा रंग देतात, एरियलचा पाया झोकात बसवतात, पण आवाज पोचत नाही. कारण रंग हा विद्युत्‌रोधक आहे. पायाच्या बोल्टाखालचा रंग खरवडून चकचकीत लोखंड उघडे करावे लागते, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा लागतो आणि मग गंज चढू नये म्हणून वरून ग्रीस लावावे लागते. एरियलची काठी मात्र गाडीच्या पत्र्याला मुळीच टेकता कामा नये. तिच्याभोवती चिनी मातीचा किंवा रबराचा रोधक असतो.

बॉनेट आणि दारे बिजागरीवर हलत असतात. तेथे तेल आणि धूळ साचते, सांधा कधी जुळतो कधी तुटतो, आणि प्रत्येक वेळी कानात कडकड होते. म्हणून तांब्याच्या बारीक तारांच्या विणलेल्या चपट्या पट्ट्यांनी हे भाग मुख्य सांगाड्याला बांधून टाकतात. वेणीसारखी पट्टी असल्यामुळे ती वाकते, पण तुटत नाही.

आणखी एक गंमत पाहा. एरियल गाडीच्या मधोमध नसून मागच्या डाव्या कोपऱ्यावर असेल, तर संदेश पुढच्या उजव्या बाजूला जरा अधिक चांगला जातो. त्या दिशेला गाडीचे लोखंड सर्वांत लांबवर पसरलेले असते ना! अनुभवी चालक दूरच्या केंद्राशी बोलण्यापूर्वी गाडी जरा वळवून उभी करतो, ती याच कारणाने.

इंजिनातले प्रक्षेपक

हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८७ च्या सुमारास रेडिओ लहरी प्रथम निर्माण केल्या, त्या दोन धातूच्या गोळ्यांमध्ये ठिणगी पाडून. आता पेट्रोलच्या इंजिनात काय असते? स्पार्क प्लग, आणि त्याच्या टोकाशी ठिणगी! म्हणजे प्रत्येक प्लग हा हर्ट्झ यांचा एक छोटा प्रक्षेपकच आहे. तो नको असलेल्या लहरी सर्व कंप्रतांवर फेकत राहतो.

त्याचा गोंधळ किती असेल? सेंचुरियन हा ब्रिटिश रणगाडा भारतीय सैन्यात अनेक वर्षे होता. त्याचे बारा सिलिंडरांचे मीटिअर इंजिन स्पिटफायर विमानाच्या मर्लिन इंजिनापासून तयार केले होते. त्याच्या प्रत्येक सिलिंडरला दोन, म्हणजे एकूण २४ प्लग असत. चार फटक्यांच्या इंजिनात प्रत्येक प्लग दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. मिनिटाला २४०० फेरे धरले तर एका प्लगच्या १२०० ठिणग्या होतात. त्याला २४ ने गुणा आणि ६० ने भागा. सेकंदाला ४८० ठिणग्या! शेजारी हे चालू असताना १५ किलोमीटरवरून आलेला क्षीण आवाज ऐकायचा आहे.

यावर तीन उपाय करतात. पहिला उपाय प्लगच्या तारेत सुमारे १०,००० ओहमचा रोध घालणे. ठिणगी पडते तेव्हा तारेतली धारा सेकंदाला लाखो वेळा पुढेमागे हेलकावते आणि तेच हेलकावे लहरी बनून बाहेर पडतात. वाजणाऱ्या घंटेला बोट लावले की तिचा नाद दबतो, तसे रोध हे हेलकावे दाबून टाकतो. मग ठिणगीच कमजोर होणार नाही का? हिशेब करू. ठिणगीत ०.०५ ॲम्पियर धारा धरली, तर रोधात ०.०५ × १०,००० = ५०० व्होल्ट खर्च होतील. प्लगला मिळणारा दाब १०,००० व्होल्टच्या वर असतो. त्यातले पाचशे गेल्याने इंजिनाचे काही बिघडत नाही.

दुसरा उपाय डायनॅमोच्या ब्रशांवर आणि नियंत्रकावर कंडेन्सर बसवणे. बारीक ठिणग्यांची जलद धारा कंडेन्सरमधून परस्पर गाडीच्या अंगात निघून जाते. तिसरा उपाय फॅरडेचाच! तारांवर धातूच्या जाळीचे वेष्टन आणि प्लगवर धातूची टोपी घालून गोंधळालाच डब्यात कोंडायचे. ब्रिटिश सैन्याच्या ‘रेडिओसाठी सज्ज’ लँड रोव्हर गाड्यांत अशी वेष्टने मुळातच बसवलेली असत. साधी लँड रोव्हर १२ व्होल्टवर चाले, तर हिची विद्युत्‌व्यवस्था २४ व्होल्टची होती.

तुमच्या गावातही हे शोधता येईल. मध्यम लहरींचा ट्रान्झिस्टर दोन केंद्रांच्या मधल्या मोकळ्या जागी लावा आणि सुरू असलेल्या जुन्या मोटारसायकलीपासून दोन-तीन हात अंतरावर धरा. टकटक ऐकू येईल, आणि ॲक्सिलरेटर वाढवला की टकटकही जलद होईल. मग तो ट्रॅक्टरजवळ न्या. ट्रॅक्टरचे इंजिन डिझेलचे असते, त्यात प्लगची ठिणगी नसते. फरक लगेच कळेल. नव्या मोटारसायकलीवर आवाज फारच कमी येईल, कारण प्लगमध्ये किंवा त्याच्या टोपीत आता रोध आधीच घातलेला असतो.

बारा व्होल्टांचे पाचशे

जुन्या संचांत ट्रान्झिस्टर नव्हते, काचेचे व्हाल्व होते. त्यांना शेकडो व्होल्ट लागतात. १९ नंबरच्या संचाला अडीचशेच्या वर एक आणि पाचशेच्या आसपास दुसरा असे दोन दाब लागत. गाडीत तर बारा व्होल्टची बॅटरी! ट्रान्सफॉर्मर येथे उपयोगी पडत नाही, कारण तो फक्त बदलत्या धारेवर चालतो आणि बॅटरीची धारा एकाच दिशेने वाहते.

म्हणून एक फिरते यंत्र वापरत. एकाच आसावर दोन प्रकारची वेटोळी गुंडाळलेली असत. एक वेटोळे बॅटरीवर मोटारीसारखे फिरे आणि दुसरे त्याच्याबरोबर फिरून डायनॅमोप्रमाणे उंच दाबाची वीज देई. संच सुरू केला की त्याची बारीक शीळ ऐकू येई. तुमच्या घरातला इन्व्हर्टरही बॅटरीतून उंच दाब काढतो, पण त्यात काही फिरत नाही. तेथे ते काम ट्रान्झिस्टर करतात.

आता बॅटरीचा हिशेब. समजा, संच १० ॲम्पियर धारा घेतो आणि बॅटरी ७५ ॲम्पियर-तासांची आहे. साडेसात तासांत ती रिकामी होईल आणि मग इंजिनही सुरू होणार नाही. गाडी उभी असतानाही कान तर उघडे ठेवायचे असतात. म्हणून सेंचुरियनमध्ये मोठ्या इंजिनाशिवाय विजेसाठी एक वेगळे लहान इंजिन असे.

येथे एक सूचना. जुन्या बाजारात असा एखादा संच दिसला तर उघडून हात घालू नका. पाचशे व्होल्ट प्राणघातक असतात, आणि यंत्र बंद केल्यावरही कंडेन्सरात भार साठून राहतो.

फिरणारा बुरूज

संच असतो रणगाड्याच्या फिरत्या बुरुजात, आणि चालक बसतो खालच्या धडात. बुरूज गरागरा कितीही वेळा फिरेल. दोघांमध्ये सरळ तार जोडली तर तिला पीळ पडून ती तुटेल. हिमायतनगरला महाशिवरात्रीच्या सुमारास परमेश्वराची यात्रा भरते. यात्रांतून फिरणारे पाळणे तुम्ही पाहिले असतील. त्यांच्यावरच्या दिव्यांना वीज कशी जाते, याचा शोध घ्या. फिरत्या आसावर तांब्याची कडी बसवतात आणि त्यांच्यावर स्थिर ब्रश टेकवतात. कडे फिरत राहते, ब्रश जागेवर राहतो, जोड मात्र तुटत नाही. रणगाड्याच्या तळाशीही अशीच कडी असतात.

कारण या संचाला तीन कामे असत. लांबच्या केंद्राशी बोलणे हे पहिले. जवळच्या रणगाड्यांशी बोलणे हे दुसरे. त्यासाठी २२९ ते २४१ मेगॅहर्ट्झचा वेगळा भाग होता. तेथे तरंगलांबी सव्वा मीटरच्या आसपास, म्हणून हातभर काडी पुरे, आणि पल्लाही किलोमीटरच्या आतबाहेर. तिसरे काम गाडीतल्या गाडीत बोलण्याचे. नायकाने ‘डावीकडे घे’ म्हटलेले चालकाला कर्णफोनमधून ऐकू आले पाहिजे.

एक निरोप

एवढी खटपट कशासाठी, ते एका प्रसंगाने कळेल. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतर नदीच्या लढाईत पूना हॉर्स या रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल आपल्या सेंचुरियन रणगाड्यात होते. त्यांचा जन्म पुण्याचा, वय अवघे एकवीस वर्षांचे. त्यांच्या रणगाड्याला गोळा लागून आग लागली. रेडिओवरून वरिष्ठांचा हुकूम आला, की रणगाडा सोडून बाहेर या. रेडिओवरूनच त्यांनी उत्तर दिले, की आपली तोफ अजून चालते आहे, आपण रणगाडा सोडणार नाही. मग त्यांनी रेडिओ बंद केला, असे सहकाऱ्यांनी सांगितले आहे. ते लढत राहिले आणि तेथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

हुकूम त्यांच्या कानापर्यंत पोचला होता, आणि त्यांचे उत्तरही परत पोचले होते. त्यांचा ‘फामागुस्ता’ नावाचा तो रणगाडा दुरुस्त करून अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवला आहे. याच संस्थेने १९९४ साली तेथे रणगाड्यांचे संग्रहालय उभारले. त्यात रोल्स-रॉइस चिलखती गाडी, मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल असे जुने ब्रिटिश नमुने पाहायला मिळतात. शाळेची सहल गेली तर तोफेकडेच पाहत राहू नका. एरियलचा पाया कोठे आहे, तो मध्यावर आहे की कोपऱ्यावर, आणि कोठे विणलेली तांब्याची पट्टी दिसते का, हेही शोधा.

स्वतः रेडिओवर बोलायची इच्छा असेल तर तीही पुरी करता येते. बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही भारत सरकारच्या संचार मंत्रालयाची परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना मिळवता येतो. परवान्याशिवाय प्रक्षेपक चालवणे मात्र गुन्हा आहे.

विचार करा आणि करून पाहा

१. संच १२ व्होल्टवर १० ॲम्पियर घेतो, म्हणजे १२० वॅट. एरियलमधून बाहेर पडतात फक्त काही वॅट. बाकीची शक्ती कोठे जाते?

२. मोबाइल फोन स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावले, तरी कधीकधी घंटी वाजते. ट्रान्झिस्टर मात्र मुका होतो. ९०० मेगॅहर्ट्झची तरंगलांबी काढा, ती झाकणाच्या फटीच्या लांबीशी ताडून पाहा आणि कारण सांगा.

३. एका जीपच्या इंजिनाला चार सिलिंडर आहेत आणि प्रत्येकाला एक प्लग. मिनिटाला १८०० फेरे असताना सेकंदाला किती ठिणग्या पडतील?

४. तुमच्या गावात एस.टी. बस, ट्रॅक्टर, रिक्षा आणि मोटारसायकल यांच्याजवळ ट्रान्झिस्टर नेऊन ऐका. कोठे खरखर जास्त, कोठे कमी, याचा तक्ता करा आणि विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा.